विणकाम आणि इलेक्ट्रॉनीय सहभागकला

परंपरागत विणकाम व इलेक्ट्रॉनिकी यांच्या संयोगातून साकारलेला, प्रेक्षकाच्या स्पर्शाने वा हालचालीने पूर्णत्व पावणारा कलाप्रकार. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो आकारास आला. तथापि त्याची पाळेमुळे मागाच्या रचनेतच आहेत. विणताना ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या वर किंवा खाली असतो. तिसरा पर्याय नसतो. फ्रान्समधील झोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) याने १८०४ मध्ये ही योजना छिद्रित पुठ्ठ्यांच्या साहाय्याने यंत्राधीन केली. छिद्र असेल तेथे ताणा उचलला जाई, नसेल तेथे तो खाली राही. चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात अशीच पत्रे योजिली, तर १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रित पत्रांवरून गणना केली. पुढे अपोलो यानांतील संगणकाची स्थिर स्मृती हातानेच ओवली गेली. तार चुंबकीय कड्यातून गेल्यास १ व बाहेरून गेल्यास ० असा अंक नोंदला जाई. हे काम वॉल्थॅम येथील कारखान्यात मुख्यत्वे स्त्री कामगारांनी केले.

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ई. रेमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमारास धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमी धाग्यांचे वस्त्र विद्युत् मंडलासाठी वापरले. असे वस्त्र भारतीय पोशाखांत पूर्वीपासून प्रचलित होते. संवाहक धाग्याने भरतकाम केलेल्या त्यांच्या जाकिटावर बोटे टेकताच स्वर उमटत. २००७ मध्ये लीआ ब्यूकली हिने रचलेला, कापडावर शिवता येणारा नियंत्रक बाजारात आला आणि अशी वस्त्रे स्वतः घडविणे सामान्यांनाही शक्य झाले.

महाराष्ट्रात या कलेला पोषक अशी दोन वस्त्रे परंपरेने उपलब्ध आहेत. पैठणीची अस्सल जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. ती विजेची संवाहक असते. याउलट घोंगडीची कोरडी लोकर विसंवाहक असते. भोर व वेल्हे या अतिपावसाच्या मावळ भागात घोंगडीची खोळ शेतकरी व गुराखी पावसात पांघरीत आले आहेत. लोकर बरीच आर्द्रता शोषून घेते व तीनुसार तिचा विद्युत् रोध घटतो. त्यामुळे जरीचे धागे घातलेली घोंगडी हवेतील ओलावा किंवा हाताचा स्पर्श ध्वनिरूपाने व्यक्त करू शकेल.

मात्र घोंगडी वर्षानुवर्षे टिकते. विद्युत् घट व मंडले अल्पायुषी असतात. म्हणून ती सुटी काढून बदलता येणे आवश्यक ठरते. याहून महत्त्वाचा प्रश्न श्रेयाचा आहे. अपोलोची स्मृती ओवणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे लोकांपर्यंत पोहोचली नाहीत. विणकराला केवळ कापड पुरविणारा मानल्यास येथेही तेच घडेल. मंडलाची आखणी ही मुळात विणीचीच आखणी असल्याने कलाकृतीच्या आराखड्यापासून सनगर व साळी कारागिरांचा सहभाग असणे, हे या कलेच्या नावास अनुरूप होय.