फ्रान्सिसचा दुसरा त्याग

इटलीतील असिसीच्या फ्रान्सिसने १२०६ मध्ये बिशपासमोर अंगावरचे कपडेही उतरवून आपल्या कापडव्यापारी बापाच्या हवाली केले, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. मला त्याचा १२२० मधला त्याग अधिक अवघड वाटतो. भिक्षूंचा संघ आल्प्सपलीकडे पसरला होता. अशा वेळी त्याने प्रमुखपद पीटर कात्तानी या जुन्या सोबत्याकडे सोपविले आणि स्वतः त्याच्या आज्ञेत राहू लागला. आमच्या कामगार चळवळीत पगारावर पाणी सोडणारे पुष्कळ पाहिले. चिटणीसपद सोडताना मात्र त्यांचेच हात थरथरतात.

फ्रान्सिसलाही ते पुरते साधले असे नाही. १२२६ मध्ये मरण्यापूर्वी, नियमांवर भाष्ये करून अर्थ फिरवू नका, अशी ताकीद त्याने मृत्युपत्रात घातलीच. त्याचाच स्नेही पोप नववा ग्रेगरी याने १२३० मध्ये ते मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही असे ठरविले. मठ वाढले, धान्याची कोठारे आली. ही कोठारे व्रताविरुद्ध आहेत, पोपलाही त्यांची मुभा देता येणार नाही, असे म्हणणाऱ्या चार भिक्षूंना १३१८ मध्ये मार्सेय येथे जाळले. ख्रिस्ताच्या व त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काहीच नव्हते, असे आग्रहाने म्हणणेही १३२३ मध्ये पाखंड ठरले.