घरातील हवा व आरोग्य (मुंबई)

कोंदट हवा, भिंतींची ओल, चुलीचा धूर व अपुरा उजेड यांमुळे क्षय, दमा यांसारखे विकार बळावतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीच्या अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. तेव्हा मात्र दोष कोंदट हवेला दिला गेला, तरी मोकळ्या हवा-उजेडाचा उपाय वाया गेला नाही. खालच्या खोल्यांपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून ट्रस्टने घातलेल्या ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाच्या नियमामुळे इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्म्याइतके अंतर मोकळे सोडावे लागे. पुढे हे भान सुटले. गोवंडी-मानखुर्दच्या खेटून उभ्या पुनर्वसन इमारतींत ऊन न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले आहेत.