हयातीचा दाखला

दिवाळीचा फराळ आणि हयातीचा दाखला या दोन गोष्टी आमच्या घरी एकाच सुमारास येतात. नोव्हेंबर लागला की मी बँकेत जातो, आपण अद्याप जिवंत आहोत असे सहीनिशी लिहून देतो आणि घरी येऊन चकली खातो. यंदा रांगेत मागे उभा असलेला एक तरुण सोबत्याला हळूच म्हणाला, "हे जगताहेत, आणि भरतोय आपण!" राग आला, हे कबूल करतो. पण वाटेत आठवले की हा टोमणा काही आजचा नव्हे. कलकत्त्याच्या लाटसाहेबाने एका मराठी पेन्शनराबद्दल असाच हिशेब मांडला होता. आणि तो पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव पेशवा.

जून १८१८ मध्ये अशीरगडाच्या बाजूला थकलाभागला बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याने गादीवरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, आणि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी कंपनीने वर्षाला निदान ८ लाख रुपये द्यायचे, असे ठरले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला. माल्कमचे म्हणणे मात्र व्यवहारी होते: पेशवा पुन्हा रानात शिरला, तर त्याच्यामागे फौजा हिंडवण्याचा खर्च कितीतरी मोठा होईल. म्हणजे हा दानधर्म नव्हता, सौदा होता. आणि त्यातला आपला वाटा कंपनीने अख्ख्या राज्याच्या रूपाने आधीच पदरात पाडून घेतला होता.

पण पेन्शन घेणारा जगणार किती? करार झाला तेव्हा बाजीराव ४३ वर्षांचा होता. कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तास तो राहिला. तिथे त्याने आणखी लग्ने केली, धर्मकृत्ये केली, आणि तो जगला थेट १८५१ पर्यंत. ८ लाखांना ३२ ने गुणून पाहा. रक्कम अडीच कोटींच्या पलीकडे जाते. गंमत अशी की अफगाण युद्धात कंपनीच्या तिजोरीची ओढाताण झाली, तेव्हा याच पेन्शनराने तिला ५ लाख रुपये कर्जाऊ दिले!

त्याच्यामागे दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन चालू ठेवण्याची मागणी केली. डलहौसीने ती झिडकारली. आजवर एवढा पैसा दिला, पोटचा मुलगा नाही, २८ लाखांची मालमत्ता मागे ठेवली आहे. उरलेल्यांचा सरकारवर कसलाही हक्क नाही, असा त्याचा शेरा. नानासाहेबाचा सारा भर करारातल्या 'कुटुंब' या एका शब्दावर होता. तो शब्द घेऊन अझीमुल्ला खान विलायतेपर्यंत गेला आणि हात हलवीत परतला. पुढे १८५७ साली कानपुरात काय झाले, ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ते सगळे या पेन्शनीपायी घडले असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही.

आता त्या तरुणाची बाजू. हे ८ लाख येत होते कंपनीच्या खजिन्यातून, आणि खजिना भरत होता मुख्यतः शेतसाऱ्याने. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबाच्या आकारणीने पुणे जिल्ह्यात सारा असा चढला की रयत गावे टाकून निघून गेली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी करून तो उतरवला. इंदापूरचाच रुपया ब्रह्मावर्ताला जात होता असे नव्हे. खजिन्यात पडलेल्या रुपयाला गाव नसते. पण कोणाला किती द्यायचे, हे त्या कुणब्याला कधीच कोणी विचारले नव्हते.

पुढे १८७१ च्या कायद्याने कलेक्टरच्या दाखल्यावाचून अशा नेमणुकांचे दावे दिवाणी न्यायालयांनी ऐकू नयेत असे ठरवले. सगळी मर्जी सरकारची! शंभर वर्षांनंतरही तिचा वास राहिलाच होता. सुधारलेल्या हिशेबाचे पेन्शन ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना नाही, असे केंद्र सरकारने ठरवले, तेव्हा १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन ही कृपा नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला, असा निर्वाळा दिला. आम्ही पेन्शनर मंडळी तो दिवस अजून पाळतो.

भिंत मात्र पुन्हा उभी राहिली, वेगळ्या जागी. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांना जुनी योजना बंद केली. आमच्या पेन्शनीसाठी वेगळी पेटी कधी भरलीच नव्हती. आजच्या करातून कालच्या नोकराला द्यायचे, अशी रीत. नोकर फार जगू लागला, आणि माल्कमपुढचा प्रश्न लाखो घरांतून उभा राहिला. नव्या योजनेत पगाराचा दहावा हिस्सा कापतात, सरकार आपली भर घालते, आणि शेवटी हाती काय पडेल ते बाजार ठरवतो. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून ठरावीक रकमेची हमी देणारी नवी योजना पर्याय म्हणून पुढे केली.

माझी सून २००८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. संपात तीही होती. बँकेतला टोमणा मी तिला रागारागाने सांगितला. ती चकलीचे पीठ मळीत म्हणाली, "बाबा, तो उद्धट बोलला, पण खोटं नाही बोलला. पगारातून माझं कापतात आणि करातून तुमचं जातं. तुमचं बंद व्हावं असं नाही हो म्हणत मी. पण माझं कोण भरणार?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. कढईपाशी आमच्याकडे फराळाला मदतीस येणाऱ्या मावशी बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई. साबणापासून तेलापर्यंत सगळ्यांवर कर भरते, आणि पेन्शनीच्या कोणत्याच योजनेत तिचे नाव नाही. झारा तसाच धरून त्यांनी विचारले, "काका, त्यो जित्तेपणाचा दाखला मलाबी काढता येईल का?"

सून माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात चकल्यांचा दुसरा घाणा उतरला.