'सांगली'ची वेलांटी
* गावांच्या एका यादीत 'सातारा' धड उमटले. 'सांगली'चे मात्र 'सांगल' आणि पुढे दोन प्रश्नचिन्हे. गावाचे नाव असे तुटावे, हे सलते. पण ही जुळणीची चूक नव्हे. दोन्ही नावे तीन अक्षरांची, युनिकोडच्या हिशेबात ६ चिन्हांची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, म्हणजे १८ बाइट. यादी नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांनी येते आणि नेटवर्क अक्षराची हद्द पाळत नाही. 'सांगली'च्या १७ बाइटवर तुकडा पडला, की दुसऱ्या वेलांटीचे २ बाइट अलीकडे, १ पलीकडे. तुकडे सुटे सुटे वाचले, की दोन्हीकडे प्रश्नचिन्ह. अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवावे लागतात. जावातला 'इनपुटस्ट्रीमरीडर' ते आपणहून करतो. मात्र त्याला यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे. २०२२ च्या जावा १८ आधी, न सांगितल्यास, तो त्या त्या संगणकाची सेटिंग धरी.