मॉनिटर केबल

मॉनिटर केबल : संगणकात तयार झालेले चित्र पडद्यापर्यंत पोचवणारी तार. बोलण्यात ‘मॉनिटरची वायर’, दुकानात ‘डिस्प्ले केबल’. मॉनिटरला दोन तारा लागतात, एक विजेची आणि एक चित्राची. ही नोंद चित्राच्या तारेची आहे. आज वापरात असलेले मुख्य प्रकार पाच : व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबी टाइप-सी. प्रत्येकाचे तोंड वेगळे, त्यामुळे जे भोक दिसेल त्यात बसणारी पिन आणली की काम झाले, असे वाटते. पण तोंड जुळणे ही निवडीची नुसती सुरुवात आहे. एकाच तोंडाच्या दोन केबलींच्या क्षमतेत चौपटीहून अधिक फरक असू शकतो. आणि टाइप-सीच्या बाबतीत तोंड तंतोतंत जुळूनही पडदा काळाच राहतो, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

आधी गणित : निवडीची सुरुवात पडद्यापासून करावी. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग सांगायला २४ बिट लागतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा (६० हर्ट्झ) नव्याने पाठवावे लागते. गुणाकार सुमारे ३ गिगाबिटांवर जातो. ‘४के’ पडद्यावर (३८४० × २१६०) पिक्सेल बरोबर चौपट, म्हणून सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट. हा झाला नुसत्या चित्राचा भार. दोन चित्रांमधली मोकळी जागा आणि सांकेतिक मांडणीचे जादा बिट धरले, तर एचडीएमआयवरून ४के चित्र ६० हर्ट्झने पाठवायला सुमारे १७.८ गिगाबिटांची क्षमता लागते. खेळांसाठीचे मॉनिटर सेकंदाला १४४ किंवा त्याहून जास्त चित्रे मागतात, तेव्हा हा आकडा त्याच प्रमाणात चढतो.

चित्र संगणकाचा पोर्ट, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट अशा तिघांतून जाते. तिघांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तेवढेच पडद्यावर उतरते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही पोर्टांची आवृत्ती माहितीपुस्तिकेत पाहावी. नुसते ‘चांगली केबल द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. पडदा केवढा आणि किती हर्ट्झचा, हे सांगता आले पाहिजे.

व्हीजीए : आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर ही पद्धत आणली. तीन ओळींत १५ पिना, बहुधा निळे तोंड आणि दोन बाजूंना बोटांनी फिरवायचे स्क्रू. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी वेगळ्या तारा असतात आणि त्या रंगाच्या तीव्रतेप्रमाणे तारेतला विजेचा दाब कमी-जास्त होतो. म्हणजे ही अ‍ॅनालॉग पद्धत आहे. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला हे सोयीचे होते. सपाट पडद्याला मात्र हा चढउतार पुन्हा मोजून त्याचे पिक्सेल बनवावे लागतात, आणि मोजण्याचा क्षण थोडा चुकला की शेजारच्या दोन पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळतात. व्हीजीए मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण याचसाठी असते. ते दाबले की चित्र क्षणभर सरकते आणि जागेवर बसते. तार लांब असेल तर अक्षरांच्या उजवीकडे त्यांची फिकट सावली पडते.

मराठी मजकूर वाचणाऱ्याला हा दोष फार जाचतो. देवनागरीत एका ओळीच्या उंचीत बरेच काही मावावे लागते : शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरे. लहान टाइपात अनुस्वार अवघ्या एक-दोन पिक्सेलांचा होतो. व्हीजीएच्या पुसट चित्रात तो शिरोरेघेला चिकटतो आणि ‘त्याचे’ आहे की ‘त्यांचे’ आहे, हे ठरवायला पडद्याजवळ वाकावे लागते. एका ठिपक्याने माणसाचा मान बदलतो, म्हणून मुद्रितशोधन करणाऱ्याच्या टेबलावर व्हीजीए केबल असू नये, असे या लेखकाचे ठाम मत आहे. त्याच मॉनिटरला डिजिटल पोर्ट असेल तर केबल बदलताच फरक दिसतो. मॉनिटर बदलण्याची गरज पडत नाही.

इंटेल आणि एएमडी यांनी काही संगणक व मॉनिटर उत्पादकांसह डिसेंबर २०१० मध्ये व्हीजीए मागे घेण्याचा बेत जाहीर केला आणि त्यासाठी २०१५ हे वर्ष ठरवले. तरीही शाळांच्या प्रोजेक्टरवर आणि कार्यालयांतल्या जुन्या मॉनिटरवर ती अजून भेटते. ती काढताना एक काळजी घ्यावी. वर्षानुवर्षे घट्ट बसलेला स्क्रू फिरवला की पुष्कळदा त्याच्याबरोबर पोर्टचा षट्‌कोनी नटही निघून येतो, आणि मग पुढची केबल आवळायला जागाच उरत नाही. तो नट पक्कडीने सोडवून लगेच पोर्टवर परत बसवावा.

डीव्हीआय : १९९९ मधली पद्धत, पांढऱ्या रुंद तोंडाची. एका बाजूला आडवी चपटी पट्टी असते. पट्टी एकटीच असेल तर केबल निव्वळ डिजिटल. तिच्याभोवती चार पिना असतील तर तीतून अ‍ॅनालॉगही जाऊ शकते. मधल्या भागात पिनांची जागा मोकळी सोडलेली असेल तर ती ‘सिंगल लिंक’, तिची मर्यादा ६० हर्ट्झला १९२० × १२००. पिना सलग भरलेल्या असतील तर ‘ड्युअल लिंक’, ती २५६० × १६०० पर्यंत जाते. जुना मॉनिटर चालवायचा असेल तर अजूनही उत्तम. नव्या खरेदीत तिचा विचार करू नये.

एचडीएमआय : घरोघरी पोचलेली केबल हीच. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून ठरवलेला हा आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. तोंडात १९ पिना, चित्राबरोबर आवाजही याच तारेतून जातो. मूळ कल्पना दूरचित्रवाणी संचासाठी होती, संगणकाने ती नंतर उचलली. आवृत्ती १.४ (२००९) ची क्षमता १०.२ गिगाबिट, २.० (२०१३) ची १८ आणि २.१ (२०१७) ची ४८. वरचे गणित इथे लावून पाहावे : १.४ च्या पोर्टातून पूर्ण रंगांचे ४के चित्र ६० हर्ट्झने जाऊच शकत नाही, ते ३० वर येते. सिनेमा पाहताना हे कदाचित लक्षात येणार नाही. माउस हलवला की लगेच कळते : बाण सरकत नाही, अडखळत उड्या मारतो. नवा मॉनिटर ‘स्लो’ आहे अशी तक्रार येते, तेव्हा हे कारण आधी तपासावे.

कधी संगणक रंगांची माहिती कमी करून ६० हर्ट्झ साधतो. तेव्हा काळ्या-पांढऱ्या मजकुरावर फारसा परिणाम दिसत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे ठेवली की त्यांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

ग्राहकाची फसगत सर्वाधिक होते ती आवृत्तीच्या आकड्यावरून. १.४, २.०, २.१ हे आकडे पोर्टाचे असतात, केबलचे नव्हे. परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचाच नसतो. केबलला प्रतवारीचे नाव असते. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गिगाबिट, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. शेवटच्या प्रकाराच्या वेष्टनावर मोबाइलने स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते आणि तेच नाव तारेच्या आवरणावरही छापलेले असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या केबलींचा ढीग समोर आला तर तोंडावरची सोनेरी झळाळी पाहू नये, आवरणावरची ही बारीक अक्षरे वाचावीत. आणखी एक : मॉनिटरवर ‘२.१’ लिहिले म्हणजे ४८ गिगाबिट मिळतीलच असे नाही. त्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, तेव्हा खरेदीपूर्वी कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ, हे स्पष्ट विचारावे.

डिस्प्लेपोर्ट : संगणकासाठी मुद्दाम घडवलेली पद्धत. व्हेसा या संस्थेने ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तोंडात २० पिना आणि एक कोपरा तिरका कापलेला, त्यामुळे ती उलटी बसत नाही. चित्र लहान लहान पुडक्यांत बांधून पाठवले जाते. म्हणूनच आवृत्ती १.२ (२०१०) पासून एकाच पोर्टातून दोन-तीन मॉनिटरांची चित्रे पाठवणे शक्य झाले. १.२ ची प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता १७.२८ गिगाबिट, १.४ (२०१६) ची २५.९२; २.० (२०१९) ने एकूण ८० गिगाबिटांचा पल्ला गाठला. प्रमाणित केबलींवर ‘डीपी८के’, ‘डीपी४०’, ‘डीपी८०’ अशी नावे असतात. डेस्कटॉप संगणक आणि मॉनिटर या दोहोंवर हा पोर्ट असेल, तर एचडीएमआयऐवजी हाच वापरावा, असा या लेखकाचा सल्ला आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर बऱ्याचदा पूर्ण वेग याच वाटेने मिळतो.

या केबलची दोन वैशिष्ट्ये माहीत हवीत. तिच्या तोंडाला बहुधा खिटी असते. वरचे बटण दाबल्याशिवाय ओढली तर पोर्टच उखडू शकतो. दुसरी गोष्ट विसाव्या पिनेची. ही पिन कन्व्हर्टरला ३.३ व्होल्ट वीज पुरवण्यासाठी आहे आणि साध्या केबलमध्ये ती आरपार जोडायची नसते. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली आढळते. मग संगणक बंद असतानाही मॉनिटरकडून ग्राफिक्स कार्डाला वीज जाते आणि संगणक सुरू होताना अडतो. केबल काढली की तो नीट सुरू होतो आणि लावली की पुन्हा अडतो, असे घडत असेल तर दोष केबलमध्येच शोधावा.

यूएसबी टाइप-सी : २०१४ मध्ये आलेले हे लहान लंबगोल तोंड कसेही लावले तरी बसते. त्याच वर्षी यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र पाठवण्याची सोय ठरली. लॅपटॉपवाल्यांसाठी याच्याइतकी सुखाची केबल दुसरी नाही : एकाच तारेने चित्र जाते, लॅपटॉप चार्ज होतो आणि मॉनिटरला जोडलेला कीबोर्डही चालतो. पण तोंड सारखे असले तरी आतल्या तारा सारख्या नसतात. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलींत वीज आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात. चित्र वाहणाऱ्या वेगवान जोड्या त्यांत घातलेल्याच नसतात. अशी केबल मॉनिटरला लावली की लॅपटॉप चार्ज होऊ लागतो आणि पडदा मात्र ‘नो सिग्नल’ म्हणतो. लॅपटॉपच्या पोर्टाचेही तसेच आहे. शेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह असेल तर चित्र मिळते; काहीच चिन्ह नसेल तर माहितीपुस्तिका पाहावी.

एका टाइप-सी पोर्टातून अनेक पोर्ट देणारा स्वस्त हब वापरताना आणखी एक अडचण येते. टाइप-सीमध्ये चित्रासाठी वेगवान जोड्या चारच. हबने त्यांतल्या दोन यूएसबीच्या वेगासाठी ठेवल्या तर चित्राला दोनच उरतात. बऱ्याच हबांवर ४के पडदा ३० हर्ट्झला अडकतो तो याच कारणाने.

कन्व्हर्टर : दिशा पाहून घ्यावा. संगणकावर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरवर एचडीएमआय असेल तर साधी केबल बहुधा पुरते. उलट दिशेला ती चालत नाही. एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जायला वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जातानाही तसेच, कारण डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारी चिप मध्ये असावीच लागते.

लांबी आणि किंमत : डिजिटल चित्र एक तर पूर्ण येते किंवा तुटते. केबल कमी पडली तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच सेकंदभर काळा होतो. रंग फिके पडणे वा अक्षरे पुसट होणे हे केबलच्या स्वस्तपणामुळे होत नाही, म्हणून महाग केबलने रंग खुलतात या दाव्यावर पैसे घालवू नयेत. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग एवढाच की पिनांवर गंज चढत नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तो गुण कामाचा आहे. लांबीला मात्र खरी किंमत आहे. वेग जितका जास्त तितकी तांब्याची तार आखूड हवी. टेबलावरच्या मॉनिटरला दीड-दोन मीटर पुरते. दहा-पंधरा मीटरवरच्या पडद्याला ४के हवे असेल तर प्रकाशतंतूची केबल घ्यावी. तिची एक बाजू संगणकाची आणि दुसरी पडद्याची ठरलेली असते, तोंडावर तसे लिहिलेलेही असते. भिंतीतल्या नळीतून ओवण्यापूर्वी ते वाचावे, नंतर उलटवता येत नाही.

जोडणी तपासणे : वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपच्या मागे पोर्टांचे दोन गट दिसतात. यूएसबीच्या शेजारचा गट मदरबोर्डचा, बहुधा त्याखाली आडव्या पट्टीवर असलेला कार्डाचा. केबल कार्डाच्या पोर्टात लावावी. मदरबोर्डला लावली तर कार्डासाठी मोजलेले पैसे वाया जातात, आणि काही प्रोसेसरांवर तिथून चित्रच येत नाही. मग विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या पानावर रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट वाचावा. १४४ चा मॉनिटर कित्येकदा ६० वरच चालू राहिलेला असतो, तो तिथेच हाताने वाढवावा. यादीत हवा तो आकडाच नसेल, तर पोर्ट, केबल किंवा कन्व्हर्टर यांपैकी एक कमी पडतो आहे. ही तपासणी केबल आणल्याच्या दिवशीच करावी आणि तोवर वेष्टन व पावती जपून ठेवावी.