मुलांच्या हाती खरे काम

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा माझ्या मनात पहिल्याने आली ती गेल्या मे महिन्यातल्या आपल्या मुलांच्या शिबिराची आठवण. आठ दिवस आपण इमारती-इमारतींतली मुले जमवली. त्यांच्याकडून कागदी फुले, रंगवलेल्या पणत्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे करवून घेतली. शेवटच्या दिवशी प्रदर्शन झाले, कौतुक झाले, खाऊ वाटला. पंधरा दिवसांनी आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांतलीच दोन घरे मला पडलेली दिसली. शिबिर आखणाऱ्यांत मी होते, तेव्हा दोष द्यायचा तर आधी मलाच दिला पाहिजे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जाईना. मुलांना हातांनी काम करायला शिकवायचे, म्हणजे नेमके काय शिकवायचे? हा प्रश्न आपल्याआधी पुष्कळ मोठ्या माणसांना पडला होता. त्यांनी काय केले, काय साधले आणि कुठे फसले, याची हकीकत भगिनींना सांगावी म्हणून हा लेख.

सुरुवात जरा दूरच्या मुलखातून करावी लागेल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम नावाचे एक शिक्षणाधिकारी होते. 1902 सालच्या जानेवारीत त्यांनी खेड्यांतल्या शाळांमधली तीसेक मुले-मुली गोळा केली आणि त्यांचा एक क्लब काढला. मुलांनी मका लावायचा, भाजीपाला करायचा, शेतातली माती तपासून पाहायची, आणि जे केले त्याची नोंद ठेवायची, एवढाच त्याचा कार्यक्रम. पुढे असे क्लब गावोगावी निघाले. नव्या बियाण्यावर बापाचा विश्वास बसत नसे, पण मुलाने आपल्या तुकड्यात जास्त मका काढून दाखवला की बाप गप्प राही आणि पुढच्या वर्षी तेच बी पेरी! 1914 मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून शेतकी विस्तारकार्याला पैसा दिला, आणि या क्लबांना 'फोर-एच' हे नाव रूढ झाले. मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, त्यावरून हे नाव पडले. चार पानांचे हिरवे पान ही त्यांची खूण.

आपल्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. 1910 मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेने पाहिले की मुलांसाठी मक्याचे क्लब आहेत, मुलींसाठी काहीच नाही. तिने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीला एक दशांश एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे जमीन. त्यात टोमॅटो लावायचे, राखायचे, काढायचे, डब्यांत भरायचे आणि विकायचे, सगळे तिनेच. खर्च किती, विक्री किती, नफा किती, याची वही तिच्याच नावाची. उत्तम काम करणारीला एक वर्षाच्या कॉलेज-शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळणार होती. पहिल्याच वर्षी एका मुलीने त्या चार गुंठ्यांतून पाचशेहून अधिक डबे भरले. शेतात राबणाऱ्या मुली त्या मुलखात काही कमी नव्हत्या. नवी होती ती वही. आपल्या श्रमाचा पैसा किती झाला हे स्वतःच्या हाताने लिहिणारी मुलगी घरातल्या बोलण्यात कशी बसत असेल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. त्याच दक्षिणेत काळ्या मुलांचे क्लब कित्येक दशके वेगळे ठेवले गेले. कामाने हात शहाणे होतात, पण मने आपोआप मोठी होतात असे नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली. पुस्तकी शिक्षणाने मुलगा घरच्या धंद्याला परका होतो, तेव्हा शिक्षण एखाद्या उद्योगाच्या द्वारेच द्यावे, असा तिथे विचार झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. शाळेच्या रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला! हीच नयी तालीम. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी ती प्रत्यक्ष चालवली. तिथली मुले सूत कातत, भाजी पिकवत, आवार झाडत, संडास साफ करत, आणि पाळीपाळीने स्वयंपाकघर चालवत. इतक्या माणसांना किती धान्य लागेल, भाजी कितीची आली, शिल्लक काय राहिली, हे गणित त्यांना पुस्तकात शोधावे लागत नसे. गणित चुकले तर कोणीतरी अर्धपोटी राहणार, हे ठाऊक असल्यामुळे ते फारसे चुकतही नसावे.

पण हीच तालीम गावोगावच्या शाळांत गेली, तेव्हा तिचे काय झाले? त्याची मी साक्षीदार आहे. 1955 ते 60 च्या सुमारास मी कोकणातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत होते. आम्हाला सूतकताईचा तास असे. प्रत्येकीकडे एक टकळी आणि पुठ्ठ्याच्या डबीत चार पेळू. आमचे सूत कुठे जाई हे आम्हाला कधीच कळले नाही. त्याचे कापड झालेले आम्ही पाहिले नाही, कोणी मागायला आले नाही. दिपोटी येणार अशी वर्दी लागली की गुरुजी कपाटातून सुताची एक सुबक गुंडी काढून टेबलावर ठेवत. मी दुसरीत असताना पाहिलेली गुंडी चौथीतही तीच होती. एका कडेला शाईचा डाग होता, त्यावरून मी ओळखली. गुरुजींना मी नावे ठेवत नाही. दोन वर्ग एका खोलीत आणि वरून हा हुकूम, त्यांनी तरी काय करावे? पण त्या गुंडीने आम्हा मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली, ती ही की हातकाम हे साहेबाला दाखवायचे असते.

आईबापांचीही बाजू होती, आणि ती आपण समजून घेतली पाहिजे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबण्यात गेल्या, विशेषतः ज्यांच्यावर जातीने हलकी म्हटलेली कामे लादली गेली, त्यांनी पोराला शाळेत पाठवले ते त्या कामातून सुटावे म्हणून. तिथेही त्याच्या हातात झाडू आणि टकळीच आली, तर त्यांनी आनंद का मानावा? पुस्तके वरच्यांच्या मुलांना आणि कष्ट आमच्या मुलांना, हा संशय वाजवी होता. त्याला उत्तर एकच असू शकत होते. हे काम जुन्या कष्टाहून वेगळे आहे, त्यात नवी विद्या आहे आणि त्याला बाजारात मोल आहे, हे दाखवून देणे. ते बहुतेक ठिकाणी दाखवता आले नाही.

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशभर समूहविकास योजना सुरू झाली. ग्रामसेवक आले, ग्रामसेविका आल्या, गावात युवक मंडळे आणि महिला मंडळे काढावीत असे ठरले. त्यांतून काही ठिकाणी चांगली कामेही झाली. पुढे 1964 ते 66 मध्ये कोठारी आयोग बसला. आपल्याच कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव. या आयोगाने 'कार्यानुभव' हा विषय सुचवला. हा शब्द वाचून भगिनी हसतील! रात्री अकरा वाजता थर्माकोल कापत बसलेली आई, आणि शेजारी झोपलेले मूल, हा कार्यानुभव चेंबूरच्या कुठल्या घराने घेतला नाही? अनुभव आईला आणि गुण मुलाला. शाईच्या डागाची गुंडी नव्या रूपाने पुन्हा टेबलावर आली, दुसरे काय!

या सगळ्या इतिहासात एक अपवाद मला सापडला, आणि त्याची सुरुवात आपल्याच उपनगरातून व्हावी याचे नवल वाटले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आलेले शास्त्रज्ञ. अंधेरीला हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून 1983 मध्ये ते पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे राहायला गेले आणि 'विज्ञान आश्रम' सुरू केला. गाव मुद्दामच कमी पावसाचे निवडले. जे इथे जमेल ते इतर खेड्यांतही जमेल, हा हिशेब. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचाच हा आश्रम एक भाग होता.

आश्रमात घेतली ती मुख्यतः शाळा सुटलेली किंवा परीक्षेत मागे पडलेली मुले. एक वर्ष तिथेच राहायचे आणि चार प्रकारची कामे शिकायची: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. वेल्डिंग, सुतारकाम, गवंडीकाम, वायरिंग, माती-परीक्षण, कोंबड्या, रोपवाटिका, सगळ्यांनी सगळे करायचे. मुलगी म्हणून वेल्डिंग नको आणि मुलगा म्हणून स्वयंपाक नको, हा भेद ठेवला नाही. पण खरी मेख पुढेच आहे. मुलांनी केलेली कामे गावाच्या गरजेची असत आणि त्यांचे पैसे घेतले जात. कोणाला फाटक हवे, कोणाला टाकी, कोणाला दुरुस्ती. मुले रक्तगट तपासून देत. जमिनीखालचे पाणी शोधण्याची विद्युत पद्धत शिकून त्याचीही सेवा देत. त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट जोडून घरे उभी केली, छोटा ट्रॅक्टर घडवला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एम. आय. टी. या प्रख्यात संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली 'फॅब लॅब', म्हणजे संगणकाच्या साहाय्याने हवी ती वस्तू घडवण्याची कार्यशाळा, काढली ती या पाबळला!

डॉ. कलबाग 2003 मध्ये गेले, पण आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. तोच अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा, आणि तिथेही गावची कामे करून देण्याचा आग्रह.

पाबळला जे टिकले ते इतरत्र का टिकले नाही? मला दिसते ते असे. ज्या शेतकऱ्याने फाटकाचे पैसे मोजले, तो सांधा निखळला तर परत येऊन बोलणार. तोच परीक्षक. त्याच्यापुढे डागाची गुंडी चालत नाही. मापात चूक झाली तर दार बसत नाही, मग मुलाला भूमिती शिकावीच लागते, आणि ती कशासाठी हे विचारावे लागत नाही. शाळेने ज्याला 'ढ' म्हटले, त्याच्याकडे गावातला मोठा माणूस काम घेऊन येतो, तेव्हा त्याची मान वर होते. टोमॅटोच्या वहीने मुलीला जे दिले, सेवाग्रामच्या कोठीघराने जे दिले, तेच इथे मिळाले. ते मिळायला काम कोणाला तरी हवे असावे लागते, आणि हिशेब करणाऱ्याच्या नावाचा असावा लागतो. या दोन गोष्टी काढून घेतल्या की मागे काड्यांची घरे राहतात.

कोणी म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट, चेंबूरला तिचा काय उपयोग? मी 1969 मध्ये लग्न होऊन इथे आले. कोकणातली मुलगी, घरचे ओले-सुके कसे जिरवायचे ते जाणणारी. इथे आल्यावर ते विसरले, कारण गाडी येई आणि घेऊन जाई. कुठे नेई? शेजारी, देवनारला. 1927 पासून या शहराचा कचरा तिथे पडत आला आहे. 2016 च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, तेव्हा कित्येक दिवस आपण खिडक्या लावून बसलो होतो, मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे कोणी विसरले नसेल. मुलांसाठी खरे काम शोधायला आपल्याला पाबळला जायला नको. ते रोज सकाळी आपल्या ओट्यावर तयार होते.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या मे महिन्यात शिबिर आठ दिवसांचे करू नये. मुले चाळीस नकोत, दहा पुरेत, पण ती वर्षभराची असावीत. प्रत्येकाने आपल्या मजल्यावरचा ओला कचरा रोज तोलून घ्यावा, गच्चीवर किंवा आवारात पिंपात घालावा, त्याचे खत करावे. खत आपण भगिनींनी कुंड्यांसाठी रोख पैसे देऊन विकत घ्यावे, उगाच 'वा वा' म्हणून फुकट नेऊ नये. वही मुलाच्या किंवा मुलीच्या नावाची, आणि आलेला पैसा कसा खर्चायचा हे मुलांनी ठरवावे. पिंपाला वास सुटला तर तळमजल्यावरचे काका तक्रार घेऊन येतील. येऊ द्यावेत. उत्तर आपण द्यायचे नाही, मुलांनाच पुढे करायचे. पाणी जास्त झाले की सुका पाला कमी पडला, हे त्यांनीच शोधून काढावे.

प्रदर्शन मात्र या वेळी ठेवू नये. पुढल्या वर्धापनदिनाला मुलांच्या दहा वह्या कार्यकारिणीपुढे मांडाव्यात, आणि आपल्या खजिनदारबाई आपला जमाखर्च तपासतात तितक्याच कडकपणे त्या तपासाव्यात.