पंधरा आसनी व्हॅन आणि अमेरिकेतील वाहन-कायदा

अमेरिकेत १९७१ साली डॉज कंपनीने आणि त्याच दशकाच्या अखेरीस फोर्डने चालकासह पंधरा माणसे बसतील अशी लांब व्हॅन बाजारात आणली, तेव्हा तिचा मूळ सांगाडा मालवाहू व्हॅनचाच होता. फोर्डच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर बारा आसनी गाडीइतकेच ठेवून केवळ मागचा भाग सुमारे वीस इंचांनी लांबवण्यात आला आणि त्या वाढीव जागेत चार माणसांचे शेवटचे बाकडे बसवले गेले, जे मागच्या चाकांच्याही पलीकडे येत होते. गाडी रिकामी असताना हा फरक चालकाला फारसा जाणवत नसे; मात्र ती भरली की गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूशी सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, मागे आणि वर सरकत असे, आणि अचानक सुकाणू वळवले किंवा मागचा टायर फुटला की गाडी सावरणे अवघड होई. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या एप्रिलमध्ये जाहीर इशारा दिला की, ज्या अपघातात दुसरे वाहन गुंतलेले नसते अशा अपघातांत दहा किंवा अधिक माणसे असलेली ही व्हॅन पलटी होण्याचे प्रमाण कमी माणसे असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट आहे. ज्या कामासाठी गाडी विकली जात होती, तेच काम तिला सर्वाधिक धोकादायक करत होते.

तरीही चर्च, महाविद्यालये, क्रीडासंघ आणि शेतमजूर पुरवणारे मुकादम यांनी ती आपलीशी केली, आणि त्यामागे बसपेक्षा कमी असलेल्या किमतीइतकाच कायद्याचाही वाटा होता. दहापेक्षा अधिक माणसांसाठी बनवलेले वाहन संघराज्याच्या नियमांत ‘बस’ ठरत असल्याने मोटारींना लागू असलेली काही सुरक्षा-मानके या व्हॅनला लागू होत नसत. १९७७ पासूनची शालेय बसची कडक मानके मात्र शाळेसाठी विकल्या जाणाऱ्या वाहनांपुरतीच होती. चालकाच्या विशेष व्यावसायिक परवान्याची अट चालकासह सोळा किंवा अधिक आसनांच्या गाड्यांना होती, त्यामुळे पंधरा आसनांची गाडी बहुतेक राज्यांत साध्या परवान्यावर कोणीही चालवू शके. तेव्हा अपघातानंतर सारा दोष चालकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हते, कारण आपण चालवतो ती मोटार नव्हे, हे त्याला शिकवण्याची जबाबदारीच कोणावर टाकलेली नव्हती.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी झळ शेतमजुरांना बसली. ९ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियातील फाइव्ह पॉइंट्स गावाजवळ टोमॅटोच्या कामावरून परतणारी व्हॅन वळण घेणाऱ्या मालट्रकवर आदळून तेरा मजूर ठार झाले. मूळ आसने काढून तिच्यात दोन्ही बाजूंना लांब बाकडी टाकलेली होती, त्यांना पट्टे नव्हते, आणि शेतमजुरांच्या वाहनांना सीटबेल्टच्या सक्तीतून राज्याच्या कायद्यानेच सूट दिलेली होती. ही सूट त्याच वर्षी रद्द झाली. ती रद्द होण्यासाठी तेरा मृत्यू व्हावे लागले, याची नोंद इतिहासाने केलीच पाहिजे.

विद्यार्थ्यांचे अपघात अधिक गाजले. २६ सप्टेंबर २००५ रोजी युटा राज्य विद्यापीठाची व्हॅन शेतीविषयक सहलीहून परतताना मागचा टायर फुटून उलटली आणि आठ विद्यार्थी व त्यांचे शिक्षक मरण पावले. कॅनडातील बॅथर्स्ट येथे जानेवारी २००८ मध्ये बास्केटबॉल संघाचे सात खेळाडू आणि प्रशिक्षकाची पत्नी अशाच व्हॅनमध्ये दगावल्यावर न्यू ब्रन्सविक प्रांताने शाळांना तिचा वापर बंद केला.

अमेरिकेत २००५ च्या कायद्याने शालेय बसच्या मानकांत न बसणाऱ्या नव्या व्हॅन शाळांनी विद्यार्थ्यांसाठी घेण्यास मनाई केली, आणि घसरणाऱ्या गाडीचे एकेक चाक आपोआप रोखून तिला मार्गावर आणणारी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा पुढील काही वर्षांत नव्या गाड्यांत सक्तीची झाली. परंतु ही बंधने नव्या वाहनांपुरतीच होती. या यंत्रणेविना बनलेल्या व्हॅन जुन्या बाजारातून छोटी चर्चे आणि मजुरांचे मुकादम यांच्याकडे जातच राहिल्या.